उतरायचं कसं?

स्कूटर सुरू होत नव्हती म्हणून मी ती गावातल्या एका मेकॅनिककडे टाकली, तिथंच चुकलो. त्याच्या शेडमध्ये जुन्या कारचं इंजिन बसवलेलं, दोन माणसांचं, घरीच बनवलेलं हेलिकॉप्टर उभं होतं. तीन आठवडे मी रोज चकरा मारल्या. तो रोज त्याचं इंजिन चालू करायचा, लगेच बंद करायचा आणि पाती थांबेपर्यंत मान वर करून बघत बसायचा.

"अहो, हे उडणार कधी?" मी वैतागून विचारलं.

"उडून तर जाईलच, भाऊ. हवेत इंजिन बंद पडलं तर उतरते कसं, ते पाहून राहिलो. बसून पाहता का?"

"माझी स्कूटर द्या!"

दिली एकदाची. किका मारून पाय दुखला, पण ती ढिम्म.

"ब्रेक पक्के केले," तो शांतपणे म्हणाला. "चालू तर होऊनच जाईल."

मनातल्या मनात शिव्या घालत स्कूटर वाटेतल्या पुलावर ढकलत नेली आणि उतारावर बंदच गाडीवर बसलो. खाली ट्रक आडवा आला. ब्रेक दाबला. ट्रकच्या चाकापासून वीतभर अंतरावर स्कूटर गपकन उभी राहिली.

उद्या ती परत त्याच्याकडेच टाकायची आहे. 'बसून पाहता का' म्हणाला, तर यावेळी नाही म्हणवणार नाही.