मिग-२१ आणि आईची हमी

टीव्हीवर मिग-२१ चं शेवटचं उड्डाण दाखवत होते आणि मला शिजणाऱ्या हळदीचा वास आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरड शहापूरच्या आमच्या शेतात हळदीची कढई उकळत होती. एअरफोर्समध्ये मिगचा मेकॅनिक असलेला दादा सुट्टीवर आला होता, तोच जाळ घालत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही विमानं लई पडून राहिलीत म्हणं."

आई वाफेतूनच कडाडली, "माझ्या लेकानं नट आवळलेलं विमान न्हाई पडायचं!"

दादानं मान खाली घालून जाळात आणखी एक लाकूड सारलं. मला वाटलं, लाजला.

काल टीव्हीसमोर निवृत्त दादा म्हणाला, "आईनं हमी देऊन टाकली होती. मंग मी प्रत्येक नट पुन्हा आवळून बघायचो. पडलं का एकबी?"