विनाशिका नव्हे, सोबतीण

पामर्स्टन नॉर्थच्या ज्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी काम करतो, तिथल्या फ्रेंच आजोबांची इंग्रजी संपत आली होती. बायको इथली, ती गेली आणि तिच्यामागोमाग तिची भाषाही. उरली फ्रेंच, आणि पलंगाशेजारी तरुणपणी नोकरी केलेल्या जहाजाचा फोटो.

दुपारी ते दारात माझं मनगट धरायचे, फोटोकडे बोट दाखवून म्हणायचे, "एस्कोर्तर." मी फोटोतल्या जहाजाचं नाव फोनवर शोधलं. टी-४७ वर्ग, महायुद्धानंतर बांधलेली बारा जहाजं, प्रकार डिस्ट्रॉयर. मराठीत विनाशिका. बारसं करताना नौदलांच्या अंगात येतं.

ज्ञान मिरवायची माझी खोड जुनीच. ड्युटीच्या नोंदीत मी इंग्रजीत लिहिलं : सारखे 'डिस्ट्रॉयर' म्हणतात, मनगट घट्ट धरतात. मॅनेजरबाईंनी त्यातून हिंसक वृत्तीचा अर्थ काढला. येत्या शुक्रवारी आजोबांना कुलूपबंद विभागात हलवायचं ठरलं.

आमची नाशिकची नर्सताई म्हणाली, "विद्वान, भाषांतर कोणी सांगितलं होतं तुला?"

"जहाजाचा प्रकार लिहिला, ताई."

"ते वाचणाऱ्याला काय माहीत?"

मी फ्रान्समधल्या त्यांच्या पुतणीला फोन लावला. ती इंग्रजीत म्हणाली, "आमच्या नौदलात त्या जहाजांना डिस्ट्रॉयर नव्हते म्हणत. एस्कोर्तर. ताफ्याच्या सोबतीला जाणारं. काका काकूलाही तेच म्हणायचे. दुपारी फिरायला निघताना, माझी एस्कोर्तर कुठंय?"

म्हणजे ते एवढंच विचारत होते, कोणी सोबत येतं का.

गुरुवारी मी मॅनेजरबाईंसमोर उभा राहिलो. चूक माझी आहे, लेखी देतो, म्हणालो.

"स्वीट ॲज," त्या म्हणाल्या; इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'. "नवी नोंद कर. पुढच्या आढाव्यात बघू."

"आढावा कधी?"

"सहा आठवड्यांनी."

"उद्या हलवू नका. मी रोज फिरवून आणतो त्यांना."

"हलवायचा फॉर्म वर गेलाय रे."

शुक्रवारी त्यांना मीच नेलं. वाटेभर माझं मनगट धरून खुशीत चालत होते. फिरायला निघालोय असं वाटलं असावं. दाराच्या कुलपाचा कोड दाबायला मला तोच हात सोडवून घ्यावा लागला.

तिथे माझी ड्युटी लागत नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत जातो. नवी नोंद फाइलमध्ये आहे, जुनीच्या खाली. आढाव्याला अजून तीन आठवडे आहेत. परवा मीच फोटोकडे बोट दाखवून म्हणालो, "एस्कोर्तर." मनगटही पुढे केलं.

त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे, माझ्याकडे बघितलं.