तीन नंबरच्या क्रेनचा दाखला

मंडळी, घास उतरत नाहीये म्हणून लिहितोय.

मी खोपोलीत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आज क्रेनची वार्षिक तपासणी होती. सरकारमान्य तपासनीस साहेब आले. आमच्या इंजिनिअरांच्या संस्थेचे बडे पदाधिकारी, सचोटीवर भाषणं देणारे.

केबिनमध्ये बसून वडे खाल्ले, गेल्या वर्षीचे दाखले समोर ठेवून नव्यांवर तारखा टाकल्या आणि सह्या ठोकल्या. शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नाही.

मी म्हटलं, "सर, तीन नंबरची क्रेन दिवाळीआधीच भंगारात गेली. तिथे नवी बसवलीय."

साहेब हसले. "भंगारात गेली? मग तर शंभर टक्के सुरक्षित! नवीचा सिरियल नंबर टाक तू, सही आहेच."

शिसारी आली हो. पण जुने दाखले त्यांच्यापुढे काढून ठेवले होते मीच. दरवर्षी ठेवतो. आणि नंबरही मीच टाकला.

सुटताना भिवपुरीचे जनार्दनभाऊ भेटले. रोज त्याच नव्या क्रेनखाली कामाला उभे असतात. म्हणाले, "सायबांनी बगितली ना रं? मंग आपल्याला घोर नाय."

मी "हो" म्हणालो.

इथे ग्रुपवर बरेच जण त्याच संस्थेचे सभासद आहात. खरं सांगा, तुम्ही "नाही" म्हणाला असता?