लिंबाखालची घरकुलं

आमच्या गावात मोबाईलला धड रेंज एकाच ठिकाणी येते. गावापासून दीड किलोमीटरवर गायरान आहे, त्यातल्या उंचवट्यावर कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या खाली. मी अंगणवाडी सेविका आहे. मुलांची हजेरी, वजन, आहार सगळं मोबाईलमध्ये भरावं लागतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मी त्या लिंबाखाली जाऊन उभी राहते. गावाला हे माहीत होतं. नव्या ग्रामसेवकाला माहीत नव्हतं. त्याला ते मी सांगितलं.

दसरा होऊन गेला होता. घरकुलाच्या यादीत एकवीस नावं आली होती, त्यातली वीस आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या ऊसतोड करणाऱ्यांची. नियम असा की ज्याच्या नावावर घरकुल आहे त्याने बांधायच्या जागेवर स्वतः उभं राहायचं, ग्रामसेवकाने मोबाईलवर फोटो काढायचा, आणि फोटोबरोबर त्या जागेची खूण कम्प्यूटरला जाते. घर मग तिथंच बांधायचं.

ग्रामसेवक आला त्या दिवशी कारखान्याला निघालेला ट्रक चावडीसमोर भरत होता. भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं वर चढत होती आणि मुकादम हॉर्नवरचा हात काढत नव्हता. ग्रामसेवक एका झोपडीसमोर मोबाईल डोक्यावर धरून गोल गोल फिरत होता. त्याचं ॲप उघडत नव्हतं.

मी अंगणवाडीच्या दारातून म्हणाले, "भाऊसाहेब, लिंबाखाली जा. तिथं रेंज आहे."

मुकादम म्हणाला, "बरं झालं, आपल्या वाटंवरच हाय. चढा बे समदे."

सगळे ट्रकमधून गेले. अर्ध्या तासात एका झाडाखाली एकवीस फोटो झाले आणि ट्रक तसाच पुढं कारखान्याला गेला. मी बघायला गेले नाही, खिचडी चुलीवर होती.

त्यात एक म्हातारी होती. माझ्या घराच्या बाजूला तिची पत्र्याची खोली. सगळे तिला मामी म्हणतात. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, चार वर्षांची नात तिच्याजवळ राहते. मामी भिंतीला हात लावत गल्लीतून चालते: खोलीपासून नळ, नळापासून अंगणवाडी, अंगणवाडीपासून परत खोली. एवढंच तिचं जग, पण त्यात तिला कोणाची गरज लागत नाही. त्या दिवशी ती ट्रकमधून गेली आणि एका मेंढपाळाच्या काठीला धरून चालत परत आली. "झाला बाई फटू," एवढंच मला म्हणाली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत प्रकरण उघडं पडलं. आमच्या सरपंच बाई आहेत, पण बोलतात त्यांचे मालक. त्यांनी कागद वाचला. एकवीस घरकुलं गायरानात लिंबाखाली. ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलांचं वसतिगृह तिथंच. ज्या म्हाताऱ्यांना कोणी नाही त्यांचा निवारा, तोही तिथंच.

"गरिबाचं समदं एका जागी झालं म्हंजी त्यांलाबी सोईचं," ते म्हणाले.

वरच्या आळीने टाळ्या वाजवल्या. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते सगळे तिकडं उसाच्या फडात होते. मागं राहिलेल्या चार-पाच म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

माझे धाकटे दीर उठले. "लई ब्येस झालं. गावात किती दिस शेळ्यांच्या लेंड्या तुडवायच्या?"

शेळ्यांचा त्रास मलाही होता. माझ्या दारातली तुळस वर्षातून दोनदा खाऊन जायच्या आणि मी दोन्ही वेळा भांडायचे. पण दिरांना शेळ्यांची पडलेली नव्हती. मामीची जागा त्यांच्या फाटकासमोर येते. तिच्यामुळे त्यांचा ट्रॅक्टर एका वळणात आत जात नाही, दोनदा मागं घ्यावा लागतो. दहा वर्षं ते ती जागा मागत होते.

मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "माझी जागा गावात हाय की. नमुना आठ माझ्या नावचा हाय." नमुना आठ म्हणजे जागेचा ग्रामपंचायतीतला उतारा. तो तिने कमरेच्या पिशवीत आणला होता.

"मामी, कम्प्यूटरमधी तुमी लिंबाखाली उभ्या हायत," सरपंचांचे मालक म्हणाले.

"मी कुठं उभी हाय ते मला कवा दिसतंय? उभं केलं, ऱ्हायले."

लोक हसले. ग्रामसेवक वहीत बघत होता. मग मी उठले आणि सांगितलं की हे फोटो जागेचे नाहीत, रेंजचे आहेत. लिंबाखाली जायला मीच सांगितलं होतं. चूक माझी आणि भाऊसाहेबांची, त्यासाठी वीस कुटुंबं गावाबाहेर काढू नका. तिथं पाणी नाही, अंगणवाडी नाही, दिव्याचा खांब नाही.

दीर म्हणाले, "मंग वैनी, तवा तोंड उघडलंत आन् आता कावून बोंबलायलात? तुमीच धाडलं की त्यांला तिकडं."

"भावजी, तुमचा ट्रॅक्टर वळत नाही म्हणून बोलताय तुम्ही. सांगा तसं सभेला."

सभेत गलका झाला. सरपंचांच्या मालकांनी मला ऐकवलं की सरकारी मानधन घेऊन राजकारण केलं तर वर तक्रार जाईल. ठराव पास झाला. घरी गेल्यावर माझ्या नवऱ्याने ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, "भावकीत राहायचंय का न्हाई तुला?" मी भाजी वाढली.

दुसऱ्या सोमवारी मी रजा टाकली आणि मामीला जीपमध्ये बसवून तालुक्याला नेलं. घरकुलाचे इंजिनियर शांत माणूस निघाले. त्यांनी नमुना आठ पाहिला आणि म्हणाले, "पहिला हप्ता पडायच्या आत फोटो रद्द होतो. पण ज्याचं नाव त्यानंच जागेवर उभं राहायचं. दुसरं कोणी चालणार नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि फोटोला रेंज लागत नाही, बाई. जागा वरून कळते, उपग्रहावरून. रेंज फक्त पाठवायला लागते. ते घरी जाऊनही पाठवता येतं."

मी मामीचा नमुना आठ घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला.

बाकीच्यांचे फोन लावले. एका ट्रकमधून गेलेले ते आता तीन वेगवेगळ्या कारखान्यांवर विखुरले होते, काही कर्नाटकात. मुकादम म्हणाला, "फटूसाठी गावाकडं? एक कोयता थांबला तर टोळीला खाडा पडतो. सीझन संपल्यावर बगू." कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. सीझन संपेपर्यंत हप्ता पडणार होता. कोणी आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा. एका बाईने माझ्यावर फोनमध्येच आरडाओरडा केला आणि फोन ठेवला. म्हणजे त्या वीस नावांतली गावात उरली फक्त मामी, कारण म्हातारी आणि आंधळी म्हणून तिला कोणी कारखान्याला नेत नव्हतं.

इंजिनियर ठरल्या दिवशी सकाळी आले. मामी नवं लुगडं नेसून खोलीसमोर उभी होती. आणि तिच्या पाठीला लागून दिरांचा लाल ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीसकट. बाजूला दीर तंबाखू मळत होते.

इंजिनियरांनी मोबाईल वर केला आणि खाली घेतला. "फोटोत ट्रॅक्टर येतोय. ट्रॅक्टर असलेल्याला घरकुल मिळत नाही. वर कोणी तपासलं तर बाईंचं नावच जाईल."

दिरांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर तो तिथं आणला होता.

"भावजी, काढा तो."

"ब्याटरी उतरली वैनी. काय करावं?"

"सकाळी तर चालू होता."

"सकाळी व्हता."

मामी मान वळवून विचारत होती, "झाला का फटू? झाला का?"

मी इंजिनियरांना म्हणाले, "साहेब, तुम्ही फोटो काढा. ट्रॅक्टरचा नंबर दिसू द्या नीट. हा ट्रॅक्टर कोणाचा ते मी लिहून देते. आणि त्याच माणसाच्या मुलाचं नाव तुमच्या यादीत एकविसावं कसं आलं, तेही त्याच कागदावर लिहून देते."

ते एकविसावं नाव माझ्या पुतण्याचं होतं. रेशनकार्ड वेगळं करून त्यांनी ते घालून घेतलं होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पाच महिने मी गप्प होते.

दिरांनी तंबाखू तोंडात टाकली. माझ्याकडं बघितलं. मग चढून बसले, आणि उतरलेल्या बॅटरीचा ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. जाताना म्हणाले, "वैनी, आजपासून तुमचं आमचं संपलं."

फोटो झाला. इंजिनियर जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "ते एकविसाव्या नावाचं काय म्हणत होता तुम्ही?"

मी म्हणाले, "काही नाही साहेब, घरातलं भांडण आहे." ट्रॅक्टर हलला होता आणि मला त्याच भावकीत राहायचं होतं. पुतण्याचं नाव यादीत राहिलं. एखाद्या गरजवंताची जागा त्यात गेली. कोणाची ते मला माहीत आहे, आणि तिची मुलगी माझ्याच अंगणवाडीत येते.

पाडव्याच्या पुढंमागं टोळ्या परतल्या. गायरानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या, लिंबाच्या चारी बाजूंनी. वसतिगृहाचा फलक लागला होता. हप्ता पडलेला. त्या संध्याकाळी सात-आठ जणी अंगणवाडीसमोर आल्या. फोनमध्ये ओरडलेली बाई पुढं होती.

"एकटीच्या घराला धावलीस. आमी काय केलतं तुझं?"

"तुम्हाला फोन केले होते."

"फोन! लिंबाखाली जा म्हनाया फोन लागला नव्हता तुला. दारातूनच वरडलीस."

ते खरं होतं. मी हजेरीचं रजिस्टर बंद केलं आणि दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यातल्या चौघींनी मुलं पाठवणं बंद केलं. हजेरी कमी का झाली म्हणून पर्यवेक्षिकेने मला विचारलं. मी लिहून दिलं: स्थलांतर.

त्या आता लिंबाखाली राहायला गेल्या आहेत. टँकर आला तर पाणी, नाहीतर गावातून घागरी. पुतण्याच्या घरकुलात दिरांचा कडबा भरलेला आहे. मी अजूनही माहिती पाठवायला तिथं जाते, कारण रेंज अजून तिथंच आहे. कोणी मला बस म्हणत नाही. मीही उभ्या उभ्या पाठवते आणि परत येते.

मामीचं बांधकाम उन्हाळ्यात सुरू झालं. दिरांनी वाळूचा टिप्पर आपल्या फाटकासमोरून जाऊ दिला नाही. वाळू अंगणवाडीसमोर ओतली, आणि मामीच्या सुनेने आणि मी ती घमेल्यांनी नेली. जोतं वर आल्यावर गवंड्याने विचारलं की दार कुणीकडं ठेवायचं. दिरांचा निरोप आला होता की आमच्या फाटकाकडं दार नको, मागच्या अंगाला काढा. मागच्या अंगाला नाली आहे. मी म्हणाले, घर मामीचं आहे, तिला विचारा.

मामी नव्या जोत्यावर हात फिरवत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"फाटकाकडंच ठिव," ती गवंड्याला म्हणाली. "मला काय दिसायचंय? त्यांलाच दिसू दे रोज."

गवंड्याने सुतळी तिकडं ताणली.