बायजामावशीच्या खिडकीतली वायर

वळ गावाच्या नाक्यावर, गोदामांच्या रांगेसमोर, इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं एक मशीन उभं आहे. फोनमधल्या अॅपवर ते बाराही महिने हिरवं दिसतं. हिरवं म्हणजे चालू, मोकळं, खुशाल या. प्रत्यक्ष समोर जाऊन उभं राहिलं की काळा पडदा, आणि त्यावरच्या धुळीत कुणीतरी बोटानं काढलेला बदाम. माझी मालवाहू तीनचाकी घेऊन त्या हिरव्या ठिपक्यावर मी किती वेळा फसलो, ते सांगायला लाज वाटते. एकदा फसला तो बिचारा, दहादा फसला तो गाढव. मी गाढवात जमा आहे.

त्याच मशीनमुळे मला बायजाबाई भेटली, आणि त्याच मशीनवरच्या रागात मी तिचं राहतं घर बंद पाडलं. हे दुसरं वाक्य तोंडातून काढायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

अडीच वर्षांपूर्वीचा मे महिना. गाडीत तीन टक्के चार्ज, मागे पोहोचवायची खोकी, डोक्यावर दुपारचं ऊन. मशीनच्या कंपनीच्या कस्टमर केअरवाली मुलगी फोनवर सांगत होती, "सर, हमारे सिस्टम में चार्जर ऑनलाइन दिख रहा है. आप एक बार अॅप डिलीट करके फिर से डालिए."

"मॅडम, मशीन मरा पडा है. अॅप डालने से जिंदा होगा क्या?"

"आपकी शिकायत दर्ज हो गई है, सर."

मागून कुणीतरी हसलं. रस्त्याकडेच्या कौलारू घराच्या ओटीवर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "कवापासून बघतंय, भांडतोस त्याच्याशी. तो बोलनार हाय का? आमच्या खळ्यावर उभा केलाय त्याला. भात झोडायचो आम्ही तिथं. ये, माझ्या घरात मोठं बटन हाय. तिथं लाव तुझी गाडी."

मोठं बटन म्हणजे पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग. मुलानं, जीवननं, आईला वॉशिंग मशीन आणून दिलं तेव्हा तो बसवून घेतला होता. मशीनमध्ये कपडे एकदाही धुतले गेले नाहीत. बायजाबाई त्यात तांदूळ ठेवायची, कारण उंदराला झाकण उघडता येत नव्हतं. चार्जिंगची वायर त्या प्लगला लावून खिडकीतून बाहेर काढली, गल्ली ओलांडून गाडीला लावली आणि गाडीच्या चार्जरवरचा दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी त्या प्लगच्या पाया पडायचाच बाकी होतो.

तिनं नाव विचारलं. मी सांगितलं, धम्मपाल. हे नाव ऐकल्यावर काही घरांत पाण्याचा तांब्या ओटीवरच येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती म्हणाली, "धम्मा, आत ये. गाडी जेवतेय तवर तू बी जेव." आणि मला चुलीपाशी पाटावर बसवलं. त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली.

तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, गाडी चार्ज होईपर्यंतच्या तीन-चार तासांत. वडप्याची लेक, वळची सून. नवऱ्याचं नाव अनंता. शेत गोदामात गेलं, अनंता त्याच्या पुढच्या वर्षी गेला. मग आठ वर्षं तिनं त्याच गोदामात झाडू मारला. कुठल्या खांबाखाली त्यांचा कुठला बांध होता, हे तिला पाठ होतं. जीवन गोदामात सुपरवायझर झाला, लग्न केलं, काल्हेरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो दर रविवारी विचारायचा, "आई, येतेस ना?" ती म्हणायची, "वर राहून बोलू कुनाशी? कावल्याशी?" तिला मरेपर्यंत या ओटीवर बसायचं होतं. दुसरं काही तिनं आयुष्यात मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझ्यासारख्याच तीनचाकीवाल्या मिथुनला मी आणलं, मिथुननं हितेशला. आमच्या तीनचाक्या पाळीनं तिच्या दारात लागू लागल्या. पैसे घ्यायला ती साफ नकार द्यायची. आम्ही तिचं पाण्याचं पिंप भरून द्यायचो, हितेश तिच्या बीपीच्या गोळ्या आणायचा, आणि लाईटबिल मिथुन गुपचूप फोनवरून भरून टाकायचा. तिला वाटायचं जीवन भरतो, जीवनला वाटायचं आई भरते.

समोरच्या घरात गोदू राहायची. तीही वडप्याचीच. दोघी एकाच वर्षी वळमध्ये नांदायला आल्या, पन्नास वर्षं समोरासमोर राहिल्या, आणि रोज भांडल्याशिवाय एकीलाही घास गिळवत नव्हता. आमच्या वायरीत गोदूचा पाय रोज अडकायचा. मग ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "बायजे, एक दिस जाऊन लाईटवाल्याला सांगते बघ!"

"सांग की. मंग माझ्याकडची चाय बंद."

दोघी हसायच्या. आम्हीही हसायचो.

दीड वर्ष असं छान चाललं, आणि मग मला शहाणपण सुचलं. मशीन बंद असल्याची माझी एकविसावी तक्रार कंपनीनं "सोडवली" म्हणून परस्पर बंद केली होती. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, वहाँ चार्जिंग की डिमांड ही नहीं है. महीने भर से कोई गाडी लगी नहीं." अरे, मशीन मेलेलं असेल तर लागणार कुठून? माझं डोकं फिरलं. डिमांड बघायची आहे ना, मग दाखवतोच, म्हटलं. तिन्ही गाड्या ओळीनं लावल्या, खिडकीतून आलेली वायर दिसेल असा फोटो काढला. ओटीवर बायजामावशी हसत बसलेली. खाली लिहिलं, "वळचं मशीन बंद, म्हणून आम्ही या मावशींच्या घरच्या विजेवर गाड्या चार्ज करतो. कंपनीला लाज वाटते का?" आणि दिलं टाकून फेसबुकवर. रागाच्या भरात त्यात वीज खात्यालाही टॅग करून टाकलं, म्हणजे सगळ्यांनाच कळेल.

चारशे जणांना ते आवडलं. मशीन चालू झाल्यावर मावशीला फोटो दाखवायचा, असं मनात ठरवून मी खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तक्रारीची दखल चार दिवसांत घेतली गेली.

आले ते मशीनवाले नव्हते. वीज खात्याची दोन माणसं आली. माणसं चांगली होती, नीट बोलली. पण चोर सोडून संन्याशाला सुळी, तसा प्रकार झाला. घरगुती मीटरवर गाड्या चार्ज करायचा धंदा चालतो, तक्रार आली आहे, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाली, "धंदा? कुनाकडून एक दमडी घेतली न्हाय मी." त्यांनी पॉवर प्लग काढला, मीटर जीवनच्या नावावर म्हणून त्याच्या नावे नोटीस दिली आणि गेले. त्या वेळी त्या वायरीवर माझीच गाडी होती.

मावशीनं गल्लीपलीकडे पाहिलं. गोदू दारात उभी होती.

"तूच ना गं?" मावशी म्हणाली. "रोज बोलायचीस. केलंस खरं."

गोदूचं तोंड उघडलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. खरं सांगायची वेळ तीच होती. मी काय म्हणालो? "जाऊ द्या, मावशी." बस, एवढंच. संध्याकाळी घरी जाऊन मी तो फोटो फेसबुकवरून काढून टाकला.

जीवनला मी दोष देत नाही. वायरीला हात लागून कुणाचं बरंवाईट झालं असतं तर पोलीस त्याच्याच दारात आले असते. तो घाबरला. आठवड्याभरात त्यानं आईला काल्हेरला नेलं आणि घराला कुलूप लावलं.

त्यानंतर पंधरवड्यातून एकदा, काल्हेरचं पार्सल असलं की, मी सहावा मजला गाठायचो. जीवनची बायको मेघाली चांगली आहे, हौसेनं चहा करायची. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसून गोदामांचे पत्रे बघत असायची. मिथुनची चौकशी करायची, हितेशच्या लग्नाचं विचारायची. गोदूचं नाव नाही. एकदाच म्हणाली, "पन्नास वर्सं एका ताटात जेवलो रं आम्ही. काय कमी केलं व्हतं मी तिला?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. कधी वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, मावशी आजारी आहे, पुढच्या वेळी. मग मेघाली समोर असायची. भित्र्याला कारणांचा तोटा नसतो.

गेल्या महिन्यात वळमध्ये खोकी उतरवत होतो, तेव्हा गोदूची नात मनाली बोलवायला आली. गोदू अंथरुणाला खिळली होती. पाय सुजलेले, धाप लागलेली. मी खाली बसलो आणि का कोण जाणे, तिच्यासमोर मला राहवलं नाही. म्हटलं, "गोदूमावशी, ते मी केलं होतं. मुद्दाम नाही, पण मीच."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मनालीनं फोटो दावला व्हता मला. ते लाईटवाले यायच्या आदल्या सांजेला."

"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"तिच्याकडं वर जानारा तू एकलाच. तुला बी तोडला असता तिनं. मंग ती तिथं कुनाशी बोलनार व्हती?" तिला दम लागला. थांबून म्हणाली, "पन आता सांग. मला आता येळ न्हाय."

मी उरलेली खोकी तशीच ठेवून काल्हेरला गेलो. लिफ्टमध्ये पाठ केलेलं सगळं दारातच विसरलो. फोनमध्ये तो फोटो अजून होता, तो मावशीच्या हातात दिला आणि काय केलं ते सांगितलं. गोदू काय म्हणाली, तेही सांगितलं. मावशीनं फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"एक वरीस?" तिनं विचारलं.

"अकरा महिने," मी म्हणालो. त्या वेळीसुद्धा मला हिशेब दुरुस्त करायची बुद्धी झाली.

ती रागावली नाही, रडली नाही. उठून लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "मला गोदूकडं ने."

माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर अंग चोरून ती बसली. काल्हेर ते वळ मी दोनदा "मावशी" म्हणालो. ती समोरच्या ट्रककडे बघत राहिली. मला त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारलेली परवडली असती.

गोदूच्या घरात ती मला मागे टाकून भराभर शिरली. खाटेवर बसली. गोदूनं डोळे उघडले.

"आलीस?"

"आले."

तिनं गोदूचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि दाबायला लागली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत जाऊ की नको, हे मला कळत नव्हतं. गोदूचंच लक्ष गेलं. धापा टाकत ती म्हणाली, "बायजे, तुझ्या पोराला आत बोलव. उभाच हाय कवाचा."

बायजामावशीनं मान वर केली नाही. पाय दाबता दाबता म्हणाली, "माझं पोर काल्हेरला हाय. तो येईल मला न्यायला."

मी तिथून निघालो.