साडूंचं पार्टिशन

आमच्या साडूंनी हात लावला आणि वस्तू दुरुस्त झाली, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. पण त्यांच्या हातून एखादी वस्तू कायमची मेली, असंही कधी झालेलं नाही. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तग धरून असते. पंखा काठीने ढोसला की फिरतो, मिक्सर तिरका धरला तरच चालतो आणि दारावरची घंटा पाहुणा निघून गेल्यावर वाजते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार पोशीर. उभी हयात माथेरानच्या एका हॉटेलात गेली. तिथे गाड्या नाहीत म्हणून की काय, कुठल्याही यंत्राला ते घोडा समजूनच वागवतात. आधी पाठीवर थाप, मग चुचकारणं, मग शिवी. कारागीर बोलवा म्हटलं की म्हणतात, "परक्याचा हात लागला का यंत्र बुजतं."

त्यांचा कॉम्प्युटरही माथेरानचाच. हॉटेलने नवा घेतला तेव्हा जुना यांना मिळाला आणि तो खरोखरच घोड्यावर बसून डोंगर उतरला. देणाऱ्याने जाता जाता सांगितलं होतं, "मामा, याच्यात पार्टिशन हाय." आता पार्टिशन म्हणजे साडूंच्या लेखी प्लायवूडचं, एका खोलीच्या दोन करतात ते. त्यांनी लगेच कॉम्प्युटरातल्या साठवणीच्या दोन भागांना नावं दिली. पुढची ती 'ओटी' आणि मागचं ते 'माजघर'. ही नावं कॉम्प्युटरात टाइप करून दिली मी, कारण कचेरीत टायपिंग करत असल्यामुळे सासुरवाडीत मी संगणकतज्ज्ञ गणला जातो. वासरात लंगडी गाय शहाणी!

या कॉम्प्युटरात आमच्या सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचा आवाज. आसपासच्या गावांत हळद असली की गाणी म्हणायला त्यांनाच बोलावणं यायचं. एका हळदीत मी त्यांची गाणी फोनवर टिपली आणि साडूंच्या कॉम्प्युटरवर, सुरू करताच समोर दिसतील अशी ओटीवर ठेवून दिली. पुढे तो फोन पावसात भिजून गेला आणि वर्षभराने सासूबाईही गेल्या. दोघी बहिणींना आईचा आवाज ऐकायचा तर जगात तेवढी एकच जागा उरली होती.

नेमकं एका भाचीच्या हळदीच्या तोंडावर कॉम्प्युटर उठेना. साडूंनी नेरळहून पेनड्राइव्हमध्ये नवी सिस्टिम भरून आणली आणि मला, दहिवलीला माझ्या घरी, फोन लावला. पडद्यावरचं इंग्रजी ते एकेक अक्षर वाचून दाखवत.

"एन, ई, एक्स, टी. दाबू काय?"

"दाबा."

"दाबला. बुजला बगा!"

मग लाइट गेली. आली तेव्हा पुन्हा श्रीगणेशा. नंतर बराच वेळ फोनच नाही, आणि दुपारी एकदम विजयी आवाज. "पावणं, काम झालं! त्यानं इचारलं, कुटं टाकू? मी सांगितलं, ओटीवर टाक. ओटी पार सारवून काढली, कण ठेवला नाय!"

सारवली म्हणजे सगळी पुसली. आणि सासूबाई तर ओटीवरच होत्या, मीच त्यांना तिथे ठेवलं होतं. बायकोला काही न सांगता स्कूटर काढली आणि पोशीर येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक देवाला नवस बोललो.

साडूंच्या घरी कॉम्प्युटर नव्या सिस्टिमने झळकत होता. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, पिठाच्या हातानं तशीच दारात उभी होती. "भावजी, आयची गानी हायत ना हो?" तिच्याकडे बघवेना.

मी हळूच म्हणालो, "साडू, आई ओटीवर होत्या हो."

साडू माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी भलतंच काही बोललो होतो. "ओटीवर? बाप्ये येऊन बसतात थितं! दूधवाला काय, मीटरवाला काय. सासूला आमी थितं ठेवू? तुमी गेलाव त्याच दिवशी त्यांना उचलून माजघरात नेलं मी!"

माजघर उघडलं. होत्या! संगणकाच्या शास्त्रात या कारणाला काडीची किंमत नाही, पण त्या क्षणी मला साडूंचे पाय धरावेसे वाटले. जीव असा भांड्यात पडला की अक्कानं आणलेलं पाणीही गोड लागलं.

मग गाणं लावलं. सासूबाईंचा तो किंचित घोगरा, खणखणीत आवाज घरभर पसरला. मध्येच गाणं थांबतं आणि त्या कुणाला तरी विचारतात, "आगं, जावई जेवलं का? बगा गं कोनीतरी." कुठला जावई, ते काही कळत नाही. सकाळपासून पोटात कण नसलेले साडू ताडकन उभे राहिले आणि हात जोडून पडद्याला म्हणाले, "जेवलो आई. दोगंबी जेवलो."

अक्का हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्यांना पदर लावला. मलाही रडू आलं, सांगायला लाज कसली? सासूबाई गेल्यापासून आम्ही दोघे नुसते नवरे उरलो होतो. त्या दुपारी घटकाभर पुन्हा जावई झालो.