खोक्यावरचा नंबर

"आदी बारदान काढ, मंग भाव बोल." आदिलाबादच्या मार्केट यार्डात काका हे वाक्य दिवसातून पन्नासदा म्हणत आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. ज्वारीचे व्यापारी. रिकाम्या पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचो आणि काकांची मुलगी माझ्याकडे शिकायला यायची. तिच्या हृदयाची झडप निकामी होती. डॉक्टरांनी हात टेकले, तशी ती अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो तर एवढंच म्हणाली, "सर, तो विमानाचा खेळ मले घरी खेळता येईन का?" हैदराबादच्या एका विक्रेत्यानं तो क्लासमध्ये एकदा दाखवला होता.

काकांनी जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि खेळासाठी नागपूर गाठलं. दुकानदारानं एक जुनी सीडी खोक्यासकट पुढे केली. काकांनी तिथंही पोत्याचाच नियम लावला. "खोकं तुमालेच राहू द्या, मले आतला माल द्या," म्हणत भाव पाडला आणि खुशीत परतले.

सीडी मी लावली. पडद्यावर सूचना आली, खोक्यावर छापलेला नंबर टाका. काकांना ते वाचून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा नागपूरला गेले. दुकानदारानं खोक्यात नकली सीडी घालून ते केव्हाच विकलं होतं.

मग काकांनी मनानेच नंबर टाकून पाहायला सुरुवात केली. पोरीच्या तापातही ज्यांनी कधी यार्ड चुकवलं नव्हतं, ते सकाळपासून तिच्या खाटेशी बसू लागले. ती सांगायची, ते एका बोटानं टाकायचे, चुकला की वहीत काट मारायचे.

"काका, असे कोट्यवधी नंबर होतील," मी म्हणालो.

"होऊ द्या. मी दुसरं काय करून राह्यलो?"

हैदराबादच्या विक्रेत्याला मी पत्र टाकलं होतं. महिन्याभरानं उत्तर आलं, नंबरासकट. मी चिठ्ठी घेऊन धावतच गेलो. काका औषधं आणायला गेले होते. मुलीनं चिठ्ठी वाचली आणि घडी करून माझ्याच हातात ठेवली.

"सर, हे बाबाले देऊ नका."

"का गं?"

"खेळ सुरू झाला का ते यार्डात जातीन. आता रोज माह्याजवळ बसतेत."

मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. चिठ्ठी खिशात घालून परत आलो.

दिवाळीच्या आधी ती गेली. तेरावं झाल्यावर काका क्लासवर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"खरं सांगा सर. मी खोकं घेतलं असतं तं खेळली असती ना पोरगी?"

त्यांचं ओझं उतरावं म्हणून मी खोटं बोललो. "नाही काका. सीडीच खराब होती. कुठलाच नंबर चालला नसता."

"मंग इतके दिवस मी उगाच बसलो का तिच्याजवळ?"

तेवढंच तर तिला हवं होतं, हे एक वाक्य सांगायचं होतं. पण त्यासाठी आधी ती चिठ्ठी काढून दाखवावी लागली असती. काका जिना उतरू लागले. प्रत्येक पायरीवर थांबत होते. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. मी मारली नाही.